न दिलेली काडी

भिंतीपलीकडून शोभाताईंचा आवाज आला, "गेलं वो, सारं गेलं!" आणि विमलाबाईंच्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की आपण सापडलो. हातातली सांडशी हातातच राहिली. गॅसवरचा चहा फुगून पातेल्याच्या काठावरून उतरला, शेगडीवर चर्र झालं, तरी त्या उभ्याच. त्यांचे यजमान सुखराम पुढच्या खोलीतून ओरडले, "का वो, च्या उतू चालला ना!" तेव्हा कुठं त्यांनी गॅस बंद केला. साठ वर्षांची बाई. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकवलेली. निरोपाच्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले होते, की या बाईंनी शाळेतला खडूचा तुकडासुद्धा कधी घरी नेला नाही. ते खरंच होतं. आणि ती बाई आज शेजारणीच्या एका हाकेनं हातपाय गाळून ओट्याला टेकली होती. ओल्या फडक्यानं सांडलेला चहा पुसताना त्यांच्या लक्षात आलं, की शोभाताई 'कोणी नेलं' असं म्हणाल्या नव्हत्या. 'गेलं' म्हणाल्या होत्या.

त्या मागच्या अंगणात आल्या. थंडी नाकात शिरून डोळ्यांपर्यंत पोचत होती. तीन दिवसांपासून नागझिऱ्याच्या जंगलाच्या बाजूनं वारा सुटला होता आणि पारा पाचावर आल्याचं पेपरात आलं होतं. दोन्ही घरांमधली भिंत छातीएवढी. पलीकडे शोभाताई शाल गुंडाळून वाफ्यापाशी उकिडव्या बसल्या होत्या. काल संध्याकाळपर्यंत त्या वाफ्यात मखमलीसारखी गर्द लाल पानं होती, प्रत्येक पानाला पोपटी किनार. आज ती कोणी उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी काळी होऊन देठांवर लोंबत होती. एक पान हाताला लागताच गळून पडलं. "पाहा ना मॅडम," शोभाताई म्हणाल्या, "काल संध्याकाळी पाणी घातलं मी. रात्रभरात काय झालं हे?" विमलाबाई म्हणाल्या, "थंडीनं झालं, ताई. नाजूक असते ते." स्वतःचा आवाज त्यांना वर्गातल्यासारखा वाटला, धडा समजावून देणारा. शोभाताईंनी मान वर केली नाही. गळलेलं पान तळहातावर घेऊन त्या म्हणाल्या, "रेणूनं लावलं होतं."

चार वर्षांत विमलाबाईंनी हे नाव त्या अंगणातून ऐकलं नव्हतं. शोभाताई उठल्या, गुडघ्यावर हात टेकून, आणि आत गेल्या. दार लागलं. विमलाबाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांना आपल्या पाठीमागचं घर जाणवत राहिलं. माजघर, त्याची पूर्वेकडची खिडकी, आणि खिडकीत जुन्या साडीच्या पडद्याआड ठेवलेल्या चार कुंड्या. त्या चारही कुंड्यांत गर्द लाल पानं होती, पोपटी किनारीची.

दिवाळीनंतर शोभाताई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला बहिणीकडे गेल्या होत्या. त्यांचे यजमान गोपाळराव दिवसभर कापडाच्या दुकानात, रात्री जेवायला भावाकडे. जाताना शोभाताईंनी मागच्या फाटकाची किल्ली विमलाबाईंच्या हातात दिली. "झाडाले पाणी घालाल ना मॅडम? ह्यांच्या लक्षात नाही राहत." पंधरा-सोळा वर्षांचा शेजार. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्या वर्षी विमलाबाई गोंदियाकडच्या शाळेतून बदली मागून साकोलीत आल्या. ही जागा घेतली, घर बांधलं, आणि पहिल्याच आठवड्यात शेजारची चौथीतली मुलगी भिंतीवर चढून म्हणाली, "तुमी आमच्या शाळेच्या नव्या बाई हाव का?" ती रेणू. पाढे म्हणताना डोळे मिटायची. पुढं इथल्याच कॉलेजात सायन्सला गेली. कॉलेजच्या सहलीहून येताना चार बोटं लांबीची एक काडी ओल्या रुमालात गुंडाळून आणली आणि भिंतीलगत खोचली. कोलियस म्हणतात बाई याला, तिनं भिंतीवरून सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षी ती एकोडीच्या एका मुलाशी नागपूरला जाऊन रजिस्टर लग्न करून आली. आली म्हणजे इथं नाही आली, परस्पर एकोडीला गेली. मुलगा चांगला, तलाठ्याच्या परीक्षेत पास झालेला. पण तो विमलाबाईंच्या समाजातला होता आणि गोपाळराव पिढ्यान्‌पिढ्यांचे कोष्टी. गोपाळरावांनी घरात सांगून टाकलं, की हे नाव पुन्हा निघायला नको.

तेव्हा शोभाताईंनी भिंतीवरून एकदाच विचारलं होतं, "तुमाले माहीत होतं काय, मॅडम?" विमलाबाई म्हणाल्या होत्या, "नाही, ताई." ते खरं होतं. मुलाचा चुलता त्यांच्या ओळखीचा होता, विहारात भेटायचा, पण याची त्यांना कुणकुण नव्हती. शोभाताईंनी मान हलवली होती. पटलं म्हणून की विषय संपवायचा म्हणून, ते त्यांना चार वर्षांत कळलं नव्हतं. हळदीकुंकवाला बोलावणं पूर्वीही नसायचं, नंतरही नव्हतं. वाट्या पूर्वीसारख्याच भिंतीवरून जात-येत राहिल्या, कधी चकोल्या, कधी मोहफुलाच्या पोळ्या. पण वाटी परत देताना शोभाताई घटकाभर थांबायच्या, काहीतरी विचारायचं राहिल्यासारख्या. विमलाबाईंना वाटायचं, एक दिवस आपण आपणहून पुन्हा सांगावं, की बाई, मला खरंच माहीत नव्हतं. पण न विचारता सांगितलेली गोष्ट खोटी वाटते, हे त्यांना शाळेत मुलांकडून पुष्कळदा कळलं होतं.

म्हणून ती किल्ली. ती हातात आली तेव्हा त्यांना किती बरं वाटलं होतं! आपल्यावर विश्वास आहे, असं काहीतरी. रोज सकाळी सात वाजता त्या फाटक उघडायच्या, पाइपानं पाणी घालायच्या, कुलूप लावून दोनदा ओढून बघायच्या. सहाव्या दिवशी ऊन तिरपं येत होतं आणि ओल्या पानांतून आरपार जात होतं. असा लाल रंग विमलाबाईंनी कधी स्वतःजवळ ठेवला नव्हता. शाळेत जाणाऱ्या बाईनं भडक नेसू नये, म्हणून आयुष्यभर राखी, बदामी, फिकट निळं. त्या वाकल्या. हात पुढं गेला. वरच्या शेंड्याखाली तिसऱ्या पेराला दोन बोटं लागली आणि टक्, असा बारीक आवाज झाला. मग आणखी एक टक्. मग आणखी दोन. चार काड्या पदराखाली घेऊन त्या फाटकाबाहेर आल्या, कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं. घरात येईपर्यंत त्यांना काहीच वाटलं नाही. मोरीवर हात धुताना बोटांना लागलेला हिरवा रस निघेना, तेव्हा कानशिलं तापली.

मागता आलं असतं. शोभाताई चार दिवसांनी येणारच होत्या. ताई, एक काडी देता का, एवढं वाक्य. पण मागायचं म्हटलं की विमलाबाईंच्या जिभेला गाठ पडायची, जन्मभर. मागणाऱ्याला समोरचा आधी वरपासून खालपर्यंत बघतो आणि मग देतो किंवा देत नाही. ते बघणं त्यांना सोसत नव्हतं. आंबागडला त्या नऊ वर्षांच्या असताना माय एका मोठ्या घरी धान पाखडायला जायची. गडाच्या पायथ्याशी ते घर, अंगणात एकच गुलाब, त्याला एकच फूल. विमला त्यापुढं उभी राहून बघायची, हात पाठीमागं बांधून, कारण मायनं तसं सांगितलं होतं. एक दिवस फूल नाहीसं झालं. दुपारी त्या घरचा माणूस मोहल्ल्यात आला आणि दारात न येता लांबूनच बोलला. माय बाहेर आली, तिनं विमलाला काही विचारलं नाही, माणसासमोर दोन थोबाडीत दिल्या. माणूस समाधानानं निघून गेला. नंतर कळलं, फूल त्यांच्याच मुलीनं वेणीत माळून शाळेत नेलं होतं. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. संध्याकाळी माय भाकर थापता थापता फक्त म्हणाली, "मी मारलं नसतं त त्यानं मारलं असतं, बाई." विमलाबाईंना मायचा राग कधी आला नाही. पण हात पाठीमागं बांधायची सवय लागली ती लागलीच. विहारात दर पौर्णिमेला पंचशील म्हणताना दुसऱ्या शीलाशी, जे दिलेलं नाही ते घेणार नाही या ओळीशी, त्यांचा आवाज नकळत मोठा व्हायचा, इतर बायकांच्या वर जायचा. कोणाला तरी ऐकवायचं असल्यासारखा.

आणि आता हे. न केलेल्या चोरीबद्दल मार खाल्लेल्या पोरीनं पन्नास वर्षांनी खरी चोरी केली, तीही किल्ली दिलेल्या घरात. काड्या फेकून द्याव्यात असं त्यांच्या मनात आलं. कचऱ्याच्या बादलीपर्यंत त्या गेल्यासुद्धा. पण पानं टवटवीत होती आणि फेकणं म्हणजे त्याहून वाईट काहीतरी, असं वाटून त्यांनी एका काचेच्या बाटलीत पाणी भरलं. सुखराम दाढी करता करता डोकावले. ते वनखात्यात वनरक्षक होते, सागाची रोपं लावण्यात उमर गेलेली. "हे काय लावून राहिली तू? शोभाताईनं देलं का?" विमलाबाई म्हणाल्या, "हं." एवढंच. पण त्या 'हं'नं काडीहून मोठी चोरी केली, असं त्यांना पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं. सुखराम म्हणाले, "असं नाही वो. पेराच्या डोळ्याच्या खाली काप, मुळं तेथूनच फुटतेत. वरची चार पानं ठेव, खालची काढून टाक. पाण्यात पान बुडालं की सडते." त्यांनी स्वतः ब्लेडनं काड्या कापून दिल्या. "अन् बाहेर ठेव, उजेडात." विमलाबाई म्हणाल्या, "नको, आतच बरं." बाहेर ठेवलं असतं तर भिंतीवरून दिसलं असतं.

म्हणून माजघराची खिडकी. तिथं सकाळचं ऊन दोन-अडीच तास येतं. दर तिसऱ्या दिवशी त्या पाणी बदलायच्या. आठव्या दिवशी पेराच्या खाली पांढरे ठिपके दिसले, बाराव्या दिवशी शेवयांसारखी मुळं पाण्यात तरंगायला लागली. त्या सकाळी विमलाबाई बाटली उन्हाकडे धरून किती वेळ उभ्या होत्या! आनंद झाला, आणि आनंद झाला याची लाज वाटली. कुंड्यांत माती, थोडी रेती, सुखरामांनी आणलेला कुजलेला पाला. ऊन एकाच बाजूनं येतं म्हणून झाडं तिकडेच वाकायची, तर त्या रोज कुंडी थोडीशी फिरवायच्या. आत रंग थोडा उतरला, लालाचा जांभळट विटकरी झाला. शेंडे लांबायला लागले तर खुडले, मग खालून दोन-दोन फांद्या फुटल्या. एकदा देठाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे किडे दिसले, ते त्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं एक-एक करून टिपले, मुलाचे कान पुसावेत तसे. थंडी वाढली तेव्हा संध्याकाळ झाली की कुंड्या खिडकीपासून काढून पाटावर ठेवायच्या, कारण काच गार पडायची. शोभाताई त्याआधीच, काड्या अजून बाटलीत असतानाच परत आल्या होत्या, काळा चष्मा लावून. किल्ली परत घेतली, म्हणाल्या, "झाडं मस्त ठेवली तुमी, मॅडम." त्या दिवसापासून विमलाबाईंनी माजघराला पडदा लावला. शोभाताई त्यांच्या माजघरात सोळा वर्षांत कधी आल्या नव्हत्या, तरीही. झोप तुटक यायला लागली. पौर्णिमेला त्या विहारात गेल्या आणि दुसऱ्या शीलाशी त्यांचा आवाज खालीच राहिला. शेजारच्या चंद्रभागाबाईनं वळून बघितलं.

हे सगळं दोन महिने चाललं, आणि आज सकाळी थंडीनं त्या बाजूचं सगळं मारून टाकलं आणि या बाजूचं, लपवलेलं, ते राहिलं. विमलाबाई अंगणातून आत आल्या, पडदा बाजूला केला. पानांवर ऊन होतं. त्यांच्या डोक्यात एक वाक्य तयारच होतं: नर्सरीतून आणलं होतं, ताई, तुमच्यासारखंच, घ्या ना. किती सोपं! भंडाऱ्याला नर्सरी आहे, तिथं असली झाडं मिळतात, शोभाताई काही बघायला जाणार नाहीत. शोभाताईंना झाड मिळेल, आपली लाज झाकलेली राहील, कोणाचं काही बिघडणार नाही. वाक्य त्यांनी दोनदा मनात म्हणून बघितलं, ते चांगलं जमत होतं. पण मग ते रेणूचं झाड राहणार नाही. नर्सरीतलं एक झाड राहील. शोभाताईंना ते तळहातावर घेऊन रेणूचं नाव काढता येणार नाही. आणि खरं सांगितलं तर? तर ती चार वर्षांपूर्वीची गोष्ट. जी बाई किल्ली घेऊन चोरी करते आणि दोन महिने तोंडावर बोलत राहते, तिच्या तेव्हाच्या 'नाही'ला काय अर्थ? शोभाताई म्हणतील, ही माझं झाड लपवू शकते तर माझ्या पोरीचं लग्नही लपवू शकली असेल. त्या 'नाही'वर विमलाबाईंचं या गल्लीतलं सगळं उभं होतं. ते एकदा गेलं की वाट्या जाणं-येणं बंद, बोलणं बंद. आणि वर त्यांच्या समाजातल्या माणसांबद्दल जे बोललं जाईल ते.

सुखराम जेवायला बसले तेव्हा म्हणाले, "शोभाताईचं सारं झाड जळलं म्हणते. तुयाजवळ चार हायेत, दे ना तिले. तिचंच त होय." विमलाबाई भात वाढता वाढता थांबल्या. "तिनं दिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "म्हंजे?" "मी तोडून आणलं. किल्ली होती तेव्हा. न विचारता." सुखरामांनी घास हातात धरून त्यांच्याकडे बघितलं आणि हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले. "चोरलं? तू? अवं, काडी चोरूनच चांगली लागते म्हणतेत जुने लोक." "हसू नका जी," विमलाबाई म्हणाल्या, आणि आवाज इतका फाटला की सुखरामांनी हातातला घास ताटात ठेवला. मग ते म्हणाले, "जेवली तू?" "नाही." "सकाळी?" "नाही." त्यांनी ताट बाजूला सारलं. "मंग आधी जाऊन ये. असं उपाशी राहून काय होते? मी येऊ का संगं?" "नको," त्या म्हणाल्या. ते संगं आले असते तर हसून सगळं हलकं केलं असतं, आणि ते हलकं व्हायला नको होतं.

दोन कुंड्या दोन हातांत घेऊन त्या पुढच्या दारानं गेल्या. भिंतीवरून नाही. दुपारचं ऊन रस्त्यावर होतं. कोणी बघितलं असतं तर दिसलंच असतं की बाई झाडं घेऊन चालल्या, आणि हे त्यांना विचित्र वाटलं, की दोन महिने झाकलेली वस्तू अशी उघड्यावर नेता येते. शोभाताईंनी दार उघडलं. कुंड्या बघितल्या. चष्मा काढला, पुन्हा घातला. "हे कुठून आणलं?" त्यांचा हात पानाकडे गेला. इथंच ते वाक्य उभं होतं, नर्सरीचं, जिभेच्या टोकाशी. विमलाबाई म्हणाल्या, "तुमचंच आहे, ताई. तुम्ही नागपूरला होत्या तेव्हा मी तुमच्या झाडाच्या चार काड्या तोडल्या. तुम्हाला विचारलं नाही. नंतरही सांगितलं नाही. घरात लपवून ठेवलं होतं." एका दमात झालं. कुंड्यांतली पानं थरथरत होती आणि ते शोभाताईंना दिसत असणार.

शोभाताईंनी एक कुंडी घेतली, ओसरीच्या पायरीवर ठेवली, दुसरी घेतली, तिच्याजवळ ठेवली. मग स्वतः पायरीवर बसल्या. विमलाबाई उभ्याच, हात रिकामे झाले तसे आपोआप पाठीमागं गेले. "मागितलं असतं तर मी देलं नसतं," शोभाताई म्हणाल्या. आवाजात राग होता, खरा राग. "एक पान देलं नसतं. ह्यांच्या पुतण्याच्या, भूषणच्या बायकोनं मागितलं होतं, तिलेही नाही म्हटलं. रेणूचं होतं ते. मी कोणाले हात लावू देत नव्हती." "हो," विमलाबाई म्हणाल्या. "किल्ली देली होती मी तुमाले." "हो." "अन् मी म्हटलं, झाडं मस्त ठेवली तुमी, तवा तुमी हसल्या." "हो, ताई." शोभाताईंनी कुंडीच्या मातीत बोट घातलं, ओल बघितली. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला आणि त्याचा आवाज हायवेला लागेपर्यंत ऐकू येत राहिला. मग शोभाताईंनी विचारलं. खाली बघूनच विचारलं, आणि विमलाबाईंना कळलं की वाटी परत देताना दर वेळी हेच राहत होतं. "अन् तवा? पोरीचं? तेही तुमाले माहीत होतं का? आज खरं सांगा."

"नाही, ताई. ते मला माहीत नव्हतं." तेच शब्द होते, चार वर्षांपूर्वीचे. याहून दुसरे त्यांच्याजवळ नव्हते. आता यांनी काय समजायचं ते समजावं, त्यांना वाटलं, आपल्याजवळ आता लपवलेलं काही नाही.

शोभाताईंनी वर बघितलं. नव्या डोळ्यांनी, म्हणजे ऑपरेशन झालेल्या, त्या विमलाबाईंच्या तोंडाकडे, थरथरणाऱ्या पदराकडे, पाठीमागं गेलेल्या हातांकडे बघत राहिल्या. "चार काड्यांसाठी जी बाई अशी थरथर कापून राहिली," त्या हळूच म्हणाल्या, "तिच्या पोटात माह्या पोरीचं लग्न राहिलं नसतं. दोन दिवसांत तुमी आजारी पडल्या असत्या, मॅडम." आणि त्यांना हसू आलं, रडताना येतं तसं, चष्म्याच्या खालून. विमलाबाई खाली बसल्या, पायरीवरच, शोभाताईंच्या शेजारी. मग भूक लागली, कडकडून, दोन वेळची एकदम. "काही खायला आहे का हो, ताई?" त्यांच्या तोंडून गेलं. शोभाताई आत गेल्या आणि तांदळाची भाकर आणि वांग्याची भाजी घेऊन आल्या. विमलाबाईंनी ते पायरीवर बसून खाल्लं. मागून खाल्लेलं, त्यांना नंतर आठवलं. तेव्हा आठवलं नाही.

खाणं होईपर्यंत शोभाताई कुंडी फिरवून फिरवून बघत होत्या. "घरात जगते म्हणा हे. मले वाटे, अंगणातच लागते." "थंडीत घरातच ठेवायचं. उजेड पाहिजे, पाणी बेतानं. फेब्रुवारी गेला की मग बाहेर." "अन् याची काडी तोडली, तर पुन्हा लागते?" "कितीही वेळा." शोभाताईंनी कुंडी उचलून मांडीवर घेतली. मग एकदम म्हणाल्या, "बसमध्ये टिकते का, मॅडम? कुंडीसकट?" विमलाबाईंचा हात ताटात थांबला. "टिकते," त्या म्हणाल्या, "मांडीवर घेतली तर. वारा लागू द्यायचा नाही." "ह्यांना विचारलं, तर नाही म्हणतील," शोभाताई म्हणाल्या. "म्हणून विचारतच नाही. उद्या हे दुकानात गेले की निघू. तुमी चला संगं. मले घर माहीत नाही."

एकोडी काही लांब नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या बसनं त्या निघाल्या. शोभाताईंनी खिडकीची काच ओढून घेतली, कुंडीभोवती शालीचा पदर लपेटला. धान कापून झालेल्या शेतांच्या बांध्यांत लाखोळीचं पीक हिरवं उठलं होतं. बोलणं फारसं झालं नाही. शोभाताईंनी एकदा विचारलं, "ती अजून पाढे म्हणताना डोळे मिटत असन का?" आणि लगेच स्वतःच म्हणाल्या, "आता कायले पाढे म्हणते." फाट्यावर उतरल्यावर विमलाबाईंनी त्यांना, विहारात मुलाच्या चुलत्यानं सांगितलेल्या खुणेवरून, त्याच्या ओट्यापासून तिसरं घर दाखवलं, निळ्या दाराचं. "तुमी या ना," शोभाताई म्हणाल्या. "तुम्ही व्हा पुढं. मी इथं बसते." शोभाताईंनी कुंडी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि चालायला लागल्या, सावकाश, एखाद्या परक्या गावात चालावं तशा. दार उघडताना विमलाबाईंनी बघितलं नाही. त्या फाट्यावरच्या सिमेंटच्या बाकावर बसल्या, तोंड उन्हाकडे केलं. कानावर एक आरोळी आली, बाईची, अर्ध्यातच तुटलेली. मग काही नाही. मग दोन बायकांचे आवाज एकमेकांत मिसळून, शब्द कळत नव्हते, एक चढायचा, दुसरा उतरायचा, आणि मध्येच दोन्ही थांबायचे. भांडण असेलही. चार वर्षांचं साठलेलं, ते आधी निघणारच. एवढं ऐकून विमलाबाईंनी चपला काढल्या, पाय बाकावर घेतले. उन्हानं डोळे जड झाले. दोन महिन्यांत आली नव्हती अशी, तळापर्यंत जाणारी झोप त्यांना त्या उघड्या फाट्यावर लागली.

जाग आली ती हॉर्ननं. साकोलीची परतीची बस समोर उभी होती आणि कंडक्टर पायरीवरून वाकून विचारत होता, "चलता का वो मावशी? आता याच्यानंतर चार वाजताच आहे." विमलाबाईंनी निळ्या दाराकडे बघितलं. दार आतून लोटलेलं होतं. बाहेर शोभाताईंच्या चपला दिसत होत्या, नीट जोडीनं काढून ठेवलेल्या. आतून आता एकच आवाज येत होता, रेणूचा. ती न थांबता काहीतरी सांगत होती आणि मध्ये मध्ये शोभाताईंचं "हं, मंग?" ऐकू येत होतं.

"जाऊ द्या," विमलाबाई कंडक्टरला म्हणाल्या, "आमी चारच्यानंच येऊ."